टिकली पडली, बाई

आमच्या चंद्रपुरात वाकड्या दातांना तार लावली की त्या तारेला दाताशी धरून ठेवणारा जो डाळीच्या दाण्याएवढा धातूचा तुकडा असतो, त्याला लोक टिकली म्हणत. डॉक्टर ब्रॅकेट म्हणायचे. त्यांचा शब्द खुर्चीपुरता चालायचा, बाहेरच्या बाकड्यावर सगळ्यांच्या तोंडी टिकलीच. ती दातावर एका खास सिमेंटने चिकटवतात, आणि चिकटवलेली वस्तू म्हटली की ती कधी ना कधी पडायचीच. पडलेली टिकली साफ करून पुन्हा लावण्याजोगी करायची, हे माझं काम. दवाखान्यात मी औजारं उकळली, लादी पुसली, रडणाऱ्या लेकरांचे हात धरले, पण मला कोणी विचारलं तर मी टिकल्या साफ करणारी बाई, असंच सांगते.

हे ऐकून लोक हसतात. विधवा बाईला टिकल्यांचं काम मिळालं, असं माझी वहिनी म्हणाली होती. तिच्या बोलण्यात कुजकेपणा होता, पण मला विनोद आवडला आणि मी तो पुढे कितीतरी जणांना स्वतःच सांगितला. नवरा लग्नानंतर लवकर गेला, मूलबाळ नाही, मूल या गावी भावाकडे राहून त्याच्या बायकोच्या कपाळावरच्या आठ्या मोजण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरांना दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहणारं माणूस हवं होतं. नव्वदीच्या सुरुवातीला मी एक ट्रंक घेऊन तिथे आले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

बाहेरच्यांना पहिला प्रश्न हाच पडतो की जुनी टिकली साफ कशाला करायची, नवी लावा. तेव्हा नवी नागपूरहून यायची, आणि एकटी यायची नाही, सगळ्या दातांचा संच घ्यावा लागायचा. तो येईपर्यंत आलेला माणूस काय खुर्चीत बसून राहणार? सिरोंच्याकडून, भामरागडकडून माणूस सकाळच्या एसटीने निघालेला असायचा. पडलेली टिकली त्याने कागदाच्या पुडीत, रुमालाच्या गाठीत, नाहीतर काडेपेटीत जपून आणलेली असायची. तीच साफ करायची आणि तासाभरात परत लावायची, म्हणजे त्याची खेप फुकट जात नाही.

काम असं असतं. टिकलीच्या पाठीला बारीक जाळी असते, त्या जाळीत सिमेंट रुतून बसलेलं असतं. ते खरवडून निघत नाही. चिमट्यात टिकली धरायची आणि तिची पाठ ज्योतीवर तापवायची. सिमेंट लाल होतं, मग पांढरं पडून राख होतं. राख झाली की लगेच पाण्यात. मग ब्रशने घासायची, काळी पडलेली असते ती चकाकवायची, समोरच्या खाचेतून तारेचा तुकडा अडकल्याशिवाय जातो का ते बघायचं आणि उकळायला टाकायची. ज्योत एक क्षण जास्त झाली की धातू मऊ पडतो आणि टिकलीचे पंख, म्हणजे तार अडकवायचे कडेचे बारीक कान, वाकतात. कमी झाली तर राख जाळीतच राहते. आणि ज्योत हलता कामा नये म्हणून पंखा बंद. चंद्रपूरच्या मे महिन्यात पंखा बंद करून विस्तवापुढे बसायचं. दुसरी कोणी ही नोकरी मागायला आली नाही, यात नवल नाही.

आणखी एक गोम होती. प्रत्येक दाताची टिकली वेगळी असते, आणि कोणती कुठली हे कळावं म्हणून तिच्या एका पंखावर रंगाचा ठिपका असतो. तापवली की तो ठिपका जळून जातो. मग ती उजवीकडची की डावीकडची, काही कळत नाही. म्हणून मी बाजारातून एक मसाल्याचा डबा आणला होता. हळदीच्या वाटीत सुळ्याची, मोहरीच्या वाटीत पुढच्या दाताची, अशी मांडामांड. डॉक्टरांचा नियम एकच, एका तोंडातली टिकली दुसऱ्या तोंडात जाणार नाही, म्हणून एका वेळी एकाच माणसाच्या टिकल्या डब्यात. एका आईला हा नियम काही केल्या पटेना. तिच्या मोठ्या मुलीची तार निघाली होती आणि धाकटीची लागायची होती. "मोठीचे पुस्तकं लहानीले चालते, फ्रॉक चालते, मंग टिकल्याच काऊन नाई चालत?" असं म्हणत ती माझ्या टेबलाशी ठाण मांडून बसली. मी तिला म्हटलं, मोठीचा नवरा चालंल का? तेव्हा ती उठली, आणि नंतर कधी माझ्याशी बोलली नाही.

माणसं अशीच यायची आणि जायची. सुपारी आणि तंबाखूचा खर्रा इथे चोवीस तास तोंडात, तो चघळणाऱ्या एका बांबूच्या ठेकेदाराच्या टिकल्या दर बाजाराला पडायच्या आणि तो दर वेळी सांगायचा की मी भात सोडून काही खात नाही. त्याची टिकली तापवली की माझ्या खोलीभर पानठेल्याचा वास सुटायचा. सिरोंच्याच्या एका गृहस्थाने लांबचा प्रवास वाचावा म्हणून पडलेली टिकली चपलेच्या गोंदाने स्वतःच बसवली होती. दाताला बसली ती बसली, वर ओठही तिला चिकटला. तो आला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं, आणि त्याची बायको अख्ख्या बाकड्याला हकीकत सांगत होती. एका म्हातारीने नातवाची पडलेली टिकली देवघरात ठेवून तिला हळदकुंकू वाहिलं होतं. ते कुंकू जाळीतून काढता काढता माझा जीव मेटाकुटीला आला.

संध्याकाळी डॉक्टर शटर ओढून घरी जात. मग मी, मसाल्याचा डबा आणि रेडिओ. दिवसभर लोकांची तोंडं बघून झालेली असायची, पण त्या उघड्या तोंडांतून माझ्याशी कोणी बोललेलं नसायचं. तोंडात आरसा घातलेला माणूस काय बोलणार? सुरुवातीची काही वर्षं मी स्वतःला सांगायची की मला एकटीला बरं वाटतं. नंतर ते सांगणंही सोडून दिलं.

अशात रेखा आली. चामोर्शीकडची, धानाची शेती असलेल्या घरातली मुलगी, आणि भामरागडच्याही पलीकडे एका आश्रमशाळेत मास्तरीण म्हणून लागलेली. तिचा वरचा एक सुळा हिरडीत उंच अडकला होता आणि तो झाकायला ती तोंडावर हात ठेवूनच बोलायची. दात कशासाठी सरळ करायचे, असं डॉक्टर सगळ्यांनाच विचारत. बहुतेकांचं उत्तर लग्न. रेखाचं उत्तर ऐकून डॉक्टरांनी हातातलं औजार खाली ठेवलं.

"माह्या वर्गातले लेकरं माडिया बोलतात, डॉक्टरसाहेब. मराठी त्यायनं पयल्यांदा माह्याच तोंडून आयकली," ती म्हणाली. "आता ते आपसात बोलतात तं चांगले मोकळे बोलतात. अन् मराठी बोलाचं आलं का सगळे तोंडावर हात ठेवतात. त्यायले वाटते मराठी अशीच बोलतात."

डॉक्टर हसले, मीही हसले. ती हसली नाही. "तोंड दाखवून बोलाचं हाये मले," एवढंच म्हणाली, हातामागून.

तार लागली. लांबून येणाऱ्यांना डॉक्टर दोन-दोन महिन्यांनी बोलवत. तिची एसटी दुपार कलल्यावर पोचायची आणि परतीची सकाळीच. चंद्रपुरात तिचं कोणी नव्हतं, म्हणून पहिल्या खेपेला मी तिला माझ्या खोलीत राहायला सांगितलं. त्या संध्याकाळी मी तलावातले झिंगे आणून कालवण केलं आणि ती बोलत सुटली. हात तोंडावर ठेवायचंही विसरली. शाळेतल्या स्वयंपाकिणीपासून मुख्याध्यापकांच्या घोरण्यापर्यंत सगळं सांगून झालं. मध्येच थांबून म्हणाली, "बाई, मी लय बोलून राह्यली ना?" मी म्हटलं, बोल. मी भांडी घासायची राहू दिली.

महिनाही झाला नसेल, तर ती पुन्हा दारात. हातात काडेपेटी.

"टिकली पडली, बाई."

"काऊन पडली?"

"भातात खडा आला."

सुळ्याची टिकली होती. मी ती तापवून साफ केली, डॉक्टरांनी लावली, रेखा रात्री राहून सकाळी गेली. पुन्हा काही दिवसांनी तीच टिकली, तीच काडेपेटी. या वेळी चारोळीची बी चावली होती म्हणे. त्यानंतर पुन्हा. डॉक्टर बिचारे स्वतःलाच दोष देऊ लागले. दात नीट कोरडा केला नसेल, सिमेंट जुनं झालं असेल, असं पुटपुटत ते चष्मा पुसायचे.

पडलेली टिकली का पडली ते तिच्याकडे बघून कळतं. हे मला डॉक्टरांनीच शिकवलेलं. सगळं सिमेंट टिकलीलाच चिकटून आलं, तर लावताना दात ओला होता. थोडं टिकलीला आणि थोडं दाताला राहिलं, तर काहीतरी कडक चावलं. एवढं डॉक्टर बघायचे. मी मात्र टिकली चिमट्यात धरून उलटीपालटी करायची, कारण पंख सरळ आहेत का हे मला बघावं लागायचं. रेखाच्या टिकलीचे पंख दोन्ही बाजूंनी दाबलेले होते आणि त्यांवर बारीक रेघा होत्या. खडा काय किंवा बी काय, एका बाजूने लागते. दोन्ही बाजूंनी दाबते ती पकड.

पहिल्यांदा दिसलं तेव्हा वाटलं, माझाच चिमटा जोरात लागला असेल. दुसऱ्यांदा शंका उरली नाही. रेखा समोरच्या स्टुलावर बसून मला शाळेतली गंमत सांगत होती आणि तिच्या टिकलीवरच्या पकडीच्या खुणा माझ्या डोळ्यांसमोर ज्योतीत तापत होत्या. मी पंख हळूच सरळ केले. खाच शाबूत होती. टिकली उकळायला टाकली. ठिपका कधीचाच जळून गेला होता, पण ही टिकली मला आता हजारांत ओळखू आली असती.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. माझ्या खोलीतली एक रात्र आणि झिंग्याचं कालवण यांसाठी कोणी स्वतःच्या दाताला पकड लावली होती. माझ्यासाठी कोणी कधी चपलेचा अंगठाही झिजवला नव्हता. पुढच्या वेळी ती येणार म्हणून मी नवी चादर घेतली.

मग एकदा रेखा खुर्चीतून उठून हात धुवायला गेल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "हिचा सुळा अर्धा खाली येतो आणि टिकली पडली की परत वर सरकतो. पावसाळ्यात तिकडचा रस्ता बंद होतो, तेव्हा तिला येता येणार नाही. अशी अर्धवट तार तोंडात ठेवून मी तिला पाठवणार नाही. त्याच्या आत सुळा जागेवर आला नाही, तर मी तार काढून टाकीन. सांगून ठेवा तिला."

उन्हाळा सुरू होता. टिकली अशीच पडत राहिली असती तर सुळा वेळेत बसला नसता, आणि पडली नसती तर ती आली नसती. ती सकाळी गेली तोवर मी तिला काही सांगितलं नाही, आणि तो दिवस पंखा लावून नुसती बसून काढला. सांगूच नये, असंही मनात येऊन गेलं. तार गेली तरी मैत्री राहील, असं मी मनाला समजावत होते. पण ती तोंडावर हात ठेवून मराठी बोलणारी पोरांची पलटण डोळ्यांसमोरून हलेना.

ती आली, काडेपेटी घेऊनच आली. मी टिकली तापवली, धुतली, आणि ब्रशने घासता घासता विचारलं, "रेखा, पकड कोणाची आहे?"

ती स्टुलावरून उठली आणि परत बसली. तोंडावरचा हात आणखी घट्ट झाला.

"चौकीदाराची," ती शेवटी म्हणाली. "सायकलची हाये."

"दुखत नाही?"

"दुखते ना." तिने रिकामी काडेपेटी उघडून परत बंद केली. "दात दुखते म्हणलं का सुट्टी भेटते, बाई. बोलाले माणूस पायजे म्हणलं तं कोन सुट्टी देते? तिथी दिवसभर लेकरायसंग बोलतो मी, पण ते मराठीत किती बोलतीन? पानी प्या, पाटी काढा, उभे राहा. संध्याकाळी आपलाच आवाज आपल्याले नवा वाटते."

मी टिकली हळदीच्या वाटीत ठेवली. वाटीतून आवाज आला तेवढाच.

"माझंही तसंच आहे," मी म्हटलं. आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं. "तू येतेस म्हणून मी नवी चादर आणली. पण आता टिकली काढू नको. डॉक्टर तार काढून टाकतील, मग पोरं जन्मभर तोंड झाकून बोलतील."

"मंग मी येऊ कशी?"

"टिकली पडली नाही तरी ये."

ती हसली, आणि त्या हसण्यात तो अर्धा खाली आलेला सुळा दिसला. "तशी कोनी येते का बाई," ती म्हणाली. आम्हा दोघींनाही ठाऊक होतं की तशी कोणी येत नाही.

त्यानंतर तिची टिकली पडली नाही. ती ठरल्या वेळी आली तेव्हा काडेपेटी नव्हती, आणि डॉक्टर आपल्या नव्या सिमेंटवर एवढे खूश झाले की बाकड्यावरच्या सगळ्यांना त्याची महती सांगू लागले. मी मान डोलावली. पावसाळ्याच्या तोंडावर सुळा रांगेत येऊन उभा राहिला. मग नद्या फुगल्या, तिकडचा रस्ता गेला, आणि मी सबंध पावसाळा रेडिओवर भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या ऐकत राहिले. एरवी त्या बातम्या लागल्या की मी भाजी निवडायला घ्यायची. त्या वर्षी आवाज वाढवून ऐकल्या.

दिवाळीनंतर तिची तार निघाली. सगळ्या टिकल्या एका ताटलीत पडल्या, त्यांत पंख सरळ केलेली ती एक. तार निघाल्यावरच्या टिकल्या टाकूनच द्यायच्या असतात, तशी तीही टाकली. त्या संध्याकाळी रेखा तोंडावर हात न ठेवता बोलली आणि मला तिचा चेहरा पहिल्यांदाच दिसतोय असं वाटलं. सकाळी निघताना तिने तोंड धुतलं. बायका काढतात तशी कपाळावरची मखमली टिकली काढून आधी माझ्या आरशाच्या कोपऱ्यात चिकटवली होती. ती तशीच सोडून ती पिशवी उचलू लागली. मी हाक मारून सांगितलं, टिकली राहिली.

"राहू द्या ना बाई," ती म्हणाली. "दाताची टिकली तं गेली. आता येयाले काही तं कारण पायजे."

ती पुन्हा आली नाही. तिची चामोर्शीकडे बदली झाली, तिथेच लग्न झालं, घर, शेती, लेकरं. ज्या माणसाला आता बोलायला घरभर माणसं आहेत, त्याने मुद्दाम एसटीत बसून माझ्याकडे का यावं? मी तिच्यावर रागावले, मग राग गेला. वाईट वाटायचं ते मात्र वाटतंच.

मी नोकरीत असताना शेवटी शेवटी भामरागडकडची एक तरुण मुलगी दाढ दुखते म्हणून आली. नर्सचं शिक्षण घेत होती. घरची बोली माडिया, पण मराठी स्वच्छ, ठसठशीत, तोंड पूर्ण उघडून. मी विचारलं, मराठी कुठे शिकलीस? म्हणाली, "आमच्या रेखा मॅडमनं शिकवली. त्या म्हणत, तोंड दाखवून बोला. आमच्या आधीच्या वर्गातले पोरं हात ठेवूनच बोलत, अजूनबी काही जण बोलतात." आणि ती मोठ्याने हसली. मी तिच्या दाढेत कापूस ठेवून तिला गप्प बसवलं, कारण माझे डोळे भरून आले होते आणि बाकड्यावर लोक होते.

आता डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आहे. मी जवळच एका खोलीत राहते. ट्रंक आणली, मसाल्याच्या डब्यात आता मसालाच असतो. आरसाही आणला. मधे एकदा गोंद सुकून आरशावरची ती टिकली खाली पडली. जन्मभर हेच काम केलेली बाई मी, हिला तापवायचं नसतं एवढं तर मला कळतं. स्पिरिटने पुसली, आणि डॉक्टरांनी जाताना दिलेल्या सामानातल्या सिमेंटचा एक थेंब लावून होती तिथेच चिकटवली. माझं काम पक्कं असतं. ती आता नखाने ओढली तरी निघत नाही.

कधीकधी आरसा पुसताना वाटतं, एवढी पक्की लावायला नको होती. टिकली पडली की कोणीतरी यायचं.